जुन्या व्हिडिओ गेमची पुठ्ठ्याची खोकी : वेष्टन, डागडुजी आणि ऐतिहासिक पुरावा

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांमध्ये शिलालेख, ताम्रपट, नाणी, दप्तरे आणि वृत्तपत्रे यांना जे स्थान लाभले, ते वस्तूंच्या वेष्टनांना फार उशिरा लाभले. वेष्टन हे टाकून देण्यासाठीच असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तू घरी आली की कागद, पुठ्ठा, पिशवी यांची रवानगी रद्दीत होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या संख्येने निर्माण झालेल्या वस्तूंबाबत मात्र या समजुतीचा फेरविचार करावा लागतो. व्हिडिओ गेम ही अशीच एक वस्तू होय. १९७७ पासून सुमारे तीन दशके अमेरिका व जपान या देशांत अनेक कंपन्यांचे खेळ पुठ्ठ्याच्या रंगीत खोक्यांतून विकले गेले. खेळाचे प्लॅस्टिकचे कार्ट्रिज टिकले. खोके बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी फाटले, चेपले किंवा फेकले गेले. आज संग्राहक, संग्रहालये आणि लिलावगृहे या तिघांनाही ती खोकी हवी आहेत. जी उरली आहेत त्यांपैकी बरीच जखमी अवस्थेत आहेत. साहजिकच त्यांची डागडुजी करावी काय, आणि करावयाची तर कोणत्या मर्यादेपर्यंत, हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न वरवर पाहता छंदाचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र इतिहासलेखनाचा एक जुना प्रश्न आहे. साधन दुरुस्त करताना साधनातील साक्ष पुसली जाते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पुठ्ठ्याच्या खोक्याच्या निमित्ताने केला आहे.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१. व्हिडिओ गेमच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा ऐतिहासिक विकास थोडक्यात मांडणे.
२. खोक्याची झीज व त्याच्या डागडुजीच्या पद्धती यांचा परिचय करून देणे.
३. डागडुजी आणि ऐतिहासिक पुरावा यांतील संबंध जतनशास्त्राच्या तत्त्वांच्या आधारे तपासणे.

लेखाची व्याप्ती मुख्यतः अमेरिकन व काही प्रमाणात जपानी बाजारपेठेपुरती मर्यादित आहे. युरोपातील वेष्टनांचा इतिहास वेगळा असल्याने त्याचा येथे विचार केलेला नाही.

घडीच्या खोक्याची पूर्वपीठिका

सपाट पुठ्ठा साच्याने कापून, त्यावर दुमडरेषा उमटवून, हव्या त्या वेळी उभा करता येणारे खोके ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची निर्मिती होय. न्यूयॉर्कजवळील ब्रुकलिन येथील कागदी पिशव्यांचे उत्पादक रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात १८७९ च्या सुमारास घडलेला प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. पिशव्यांवर घडीची रेषा उमटविणारी धातूची पट्टी जागेवरून सरकली आणि तिने पिशव्या कापल्या. एकाच दाबात कापणे व दुमडरेषा उमटविणे ही दोन्ही कामे होऊ शकतात, हे गेअर यांच्या ध्यानात आले. त्यानंतर घडीची खोकी यंत्रावर मोठ्या संख्येने बनू लागली. १८९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील नॅशनल बिस्किट कंपनीने आपली बिस्किटे अशा खोक्यांतून विकण्यास आरंभ केला आणि सुट्या मालाच्या पिंपाची जागा छापील नावाच्या खोक्याने घेतली.

या शोधाचे दोन परिणाम प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहेत. पहिला असा की, खोके हे जाहिरातीचे माध्यम झाले. दुकानदाराने मालाची भलावण करण्याचे काम आता खोक्याचा दर्शनी भाग करू लागला. दुसरा परिणाम असा की, खोक्याचे आयुष्य त्याच्या दुमडरेषेवर अवलंबून राहिले. ज्या रेषेवर पुठ्ठ्याचे तंतू मुद्दाम दाबून कमकुवत केलेले असतात, त्याच रेषेवर तो पुढे फाटतो. घडीच्या खोक्याचे वैशिष्ट्य आणि त्याचे मर्मस्थान ही दोन्ही एकाच जागी आहेत.

व्हिडिओ गेमचे वेष्टन : १९७७ ते १९८३

अटारी कंपनीने सप्टेंबर १९७७ मध्ये आपले घरगुती खेळयंत्र अमेरिकेत बाजारात आणले. पुढे ते अटारी २६०० या नावाने प्रसिद्ध झाले. आरंभी त्याच्यासोबत नऊ खेळ उपलब्ध होते. त्या काळी पडद्यावर काही चौकोन, रेघा आणि ठिपके यांपलीकडे फारसे काही दाखविता येत नसे. त्यामुळे रणगाडा, विमान, शर्यतीची मोटार किंवा अंतराळयान यांचे कल्पनाचित्र उभे करण्याची जबाबदारी खोक्यावरील चित्राने घेतली. क्लिफ स्पोन या चित्रकाराने आरंभीच्या खोक्यांसाठी काढलेली चित्रे या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एकाच चित्रात अनेक प्रसंग गुंफण्याची त्यांची शैली अटारीच्या खोक्यांची ओळख बनली. खेळाचा अर्थ पडद्यावर जेवढा होता त्याहून अधिक खोक्यावर होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

संगणकावरील खेळांची स्थिती आरंभी निराळी होती. रिचर्ड गॅरियट यांचा अकालाबेथ हा खेळ सुरुवातीस प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीतून विकला गेला. लवकरच येथेही खोके आले आणि त्यात खेळाचा भाग असलेल्या वस्तू घालण्याची प्रथा पडली. इन्फोकॉम या कंपनीच्या डेडलाइन या १९८२ मधील खेळात खुनाच्या तपासाची कागदपत्रे आणि गोळ्यांची पुडी खोक्यातच दिलेली होती. चकतीवर जागा अपुरी असल्याने जो मजकूर खेळात मावत नसे, तो खोक्यात मावत असे. शिवाय केवळ चकतीची नक्कल करणाऱ्यास ही सामग्री मिळत नसे. अशा खेळांबाबत खोके हरवणे म्हणजे खेळाचा एक भागच हरवणे होय.

१९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. मालाचा अतिरेक आणि ग्राहकाचा उडालेला विश्वास ही त्याची कारणे सांगितली जातात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अटारीचा न विकलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील आलामोगोर्डो येथील कचरा-भूमीत पुरण्यात आला. या घटनेचा संबंध खोक्यांच्या डागडुजीशी कसा येतो, हे पुढे पाहावयाचे आहे.

निन्टेन्डो आणि पुठ्ठा

निन्टेन्डो या जपानी कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम हे यंत्र आणले आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याचे अमेरिकन रूप न्यूयॉर्क परिसरात विक्रीस ठेवले. येथील आरंभीच्या खेळांची खोकी काळ्या पार्श्वभूमीची असून त्यांवर पडद्यावरील ठिपकेदार आकृत्याच मोठ्या करून छापलेल्या होत्या. अटारीच्या काळातील भव्य चित्र आणि पडद्यावरील चौकोन यांतील अंतराने ग्राहकाची निराशा झालेली होती. त्यामुळे पडद्यावर जे दिसेल तेच खोक्यावर दाखवावे, असे या निवडीमागील धोरण सांगितले जाते. याच खोक्यांवर कंपनीची गुणवत्तेची मुद्रा छापलेली असे. बाजार कोसळल्यानंतर विश्वास परत मिळविण्याचा प्रयत्न कसा झाला, याचे सर्वांत स्पष्ट साधन म्हणजे ही खोकी होत.

या काळात सर्वच कंपन्यांनी पुठ्ठा वापरला असे नाही. सेगा कंपनीने १९८६ मध्ये अमेरिकेत आणलेल्या यंत्राचे खेळ झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीतून दिले. परिणामी सेगाच्या त्या काळातील खेळांची वेष्टने तुलनेने अधिक संख्येने टिकली. निन्टेन्डोने मात्र अमेरिकेत पुठ्ठा सोडला नाही. १९९० च्या दशकातील त्यांची यंत्रे आणि हातात धरून खेळावयाचा गेम बॉय या सर्वांचे खेळ पुठ्ठ्याच्या खोक्यांतूनच विकले गेले. २००१ मध्ये चकतीवरील खेळांसाठी आणि २००४ पासून हातातील नव्या यंत्रासाठी प्लॅस्टिकच्या पेट्या आल्या. संगणकावरील खेळांची मोठी खोकीही २००० नंतर थोड्याच वर्षांत आक्रसली. पुठ्ठ्याच्या खोक्याचा कालखंड असा सुमारे तीस वर्षांचा ठरतो.

खोके पुरावा म्हणून काय सांगते

कार्ट्रिजमधील आज्ञावली दुसऱ्या संगणकावर उतरवून घेता येते. तिच्या प्रती मूळ प्रतीइतक्याच अचूक असतात. खोक्याचे तसे नाही. त्यावरील माहिती वस्तूशी एकजीव झालेली असते आणि ती पुढील प्रकारची आहे.

पहिली माहिती छपाईची. सुपर मारिओ ब्रदर्स ३ हा खेळ अमेरिकेत १९९० मध्ये विक्रीस आला. त्याच्या आरंभीच्या खोक्यांवर 'ब्रदर्स' हा शब्द डावीकडे छापलेला असून तो मारिओच्या पांढऱ्या हातमोजाला झाकतो. नंतरच्या छपाईत तो उजवीकडे सरकविण्यात आला. आतील खेळ तोच असला, तरी खोक्यावरील एका शब्दाच्या जागेवरून छपाईचा क्रम ठरविता येतो. निन्टेन्डोच्या अगदी आरंभीच्या काही खोक्यांवर प्लॅस्टिकचे आवरण नसून झडपेवर गोल चिकटचिठ्ठी लावलेली आहे, तर काहींना दुकानात खुंटीवर टांगण्यासाठी मागील बाजूस छिद्ररेषा मारलेली पट्टी आहे. खेळ दुकानात कशा रीतीने मांडले जाणार, याची अपेक्षा त्या पट्टीत नोंदली गेली आहे.

दुसरी माहिती विक्रीची. दुकानाची चिकटचिठ्ठी, मूळ किंमत, त्यावर चिकटवलेली उतरलेली किंमत आणि भाड्याने खेळ देणाऱ्या दुकानांचे शिक्के यांतून एखादा खेळ कोठे व कसा विकला गेला हे कळते. भाड्याच्या दुकानांत खोके कापून त्याचा दर्शनी भाग प्लॅस्टिकच्या पेटीत सरकविण्याची पद्धत होती. १९८९ मध्ये निन्टेन्डोने ब्लॉकबस्टर या भाड्याच्या दुकानांच्या साखळीवर खेळाच्या माहितीपुस्तिकांच्या छायाप्रती काढल्याबद्दल खटला भरला होता. कापलेले खोके आणि छायाप्रतीत मिळालेली पुस्तिका ही त्या व्यवहाराची अस्सल अवशेषसामग्री आहे.

तिसरी माहिती वापराची. मुलाने वहीवर लिहावे तसे खोक्यावर लिहिलेले नाव, झडपेच्या आत टिपलेला परवलीचा शब्द, वारंवार उघडल्याने पांढरी पडलेली कड या सर्वांतून ती वस्तू कोणाच्या तरी घरात नांदली होती हे सिद्ध होते. संग्राहकाच्या दृष्टीने हे सर्व दोष आहेत. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ते दाखले आहेत. डागडुजीचा मूळ पेच येथेच निर्माण होतो.

झीज आणि तिची कारणे

ही खोकी साधारणतः पातळ, एकपदरी पुठ्ठ्याची असतात. बाहेरील बाजूस चिनी मातीचा गुळगुळीत लेप, त्यावर चार रंगांची छपाई आणि वर चकाकीचा थर अशी रचना असते. आतील बाजू करडी किंवा पांढरी व लेपाविना असते. पुठ्ठा दुमडला की लेप तडकतो आणि खालचे तंतू उघडे पडतात. कडांवर दिसणारी पांढरी रेघ ती हीच. झडपा सतत उघडल्याने दुमडरेषा फाटतात. उन्हात ठेवल्यास छपाईतील किरमिजी व पिवळा हे रंग आधी उडतात आणि खोके निळसर दिसू लागते. ओल लागल्यास पाण्याच्या कडेची तपकिरी रेषा उमटते, बुरशी धरते, कसर लागते. हलक्या प्रतीच्या लगद्यात लाकडातील लिग्निन राहिलेले असल्यास पुठ्ठा कालांतराने पिवळा व ठिसूळ होतो.

खोक्याच्या आतील भरणही महत्त्वाचे असते. निन्टेन्डोच्या आरंभीच्या खोक्यांत कार्ट्रिज आखूड व खोके उंच असल्याने तळाशी थर्माकोलसारखा ठोकळा ठेवलेला असे. तो काढून टाकला की दर्शनी भागास आतून आधार उरत नाही आणि वरचा भार पडताच खोके चेपते. १९९५ मध्ये अमेरिकेत आलेला अर्थबाउंड हा खेळ जाड मार्गदर्शक पुस्तकासह मोठ्या खोक्यात विकला गेला. पुस्तक काढून घेतल्यावर उरलेले ते पोकळ खोके धड अवस्थेत सापडणे कठीण झाले आहे.

डागडुजीच्या पद्धती

संग्राहकांच्या हातून होणारी डागडुजी बरीचशी घरगुती स्वरूपाची असते. फाटलेल्या झडपेस आतून पारदर्शक चिकटपट्टी लावणे, सुटलेली शिवण पांढऱ्या गोंदाने जोडणे, चेपलेला भाग इस्त्री फिरवून सपाट करणे, कडेवरील पांढरी रेघ रंगीत शाईच्या पेनाने भरून काढणे, किमतीची चिठ्ठी केस वाळविण्याच्या यंत्राने तापवून किंवा ज्वलनशील द्रावकाने सोडविणे हे त्यातील नेहमीचे उपाय होत. यांतील बहुतेक उपायांनी खोके काही काळ नीटनेटके दिसते. परंतु चिकटपट्टीचा गोंद वर्षागणिक पिवळा होऊन पुठ्ठ्यात झिरपतो. शाई उघड्या तंतूंत शिरते व परत निघत नाही. पांढरा गोंद वाळल्यावर कडक होतो आणि पुढे तेथून सोडवू गेल्यास पुठ्ठ्याचा पदरच सुटतो. इस्त्रीच्या उष्णतेने चकाकीचा थर बिघडतो.

कागदाच्या जतनशास्त्राने या कामासाठी वेगळा मार्ग आखलेला आहे. प्रथम मऊ ब्रशने धूळ काढली जाते. आवश्यक तेथे खोडरबराचा चुरा हलक्या हाताने फिरवून मळ उचलला जातो. चेपलेल्या भागास लेपाविना असलेल्या आतील बाजूने अगदी बेताची ओल देऊन, टीपकागदांमध्ये ठेवून, वजनाखाली सावकाश सपाट करतात. बाहेरील मातीच्या लेपास पाणी लागल्यास तो मऊ होऊन कागदाला चिकटतो व चकाकी जाते. म्हणून येथे घाई चालत नाही. फाटलेल्या जागी कोझो या झाडाच्या सालीपासून बनविलेला लांब तंतूंचा जपानी कागद आतील बाजूने लावतात. त्याच्या कडा कात्रीने न कापता फाडून घेतात, म्हणजे तंतू पुठ्ठ्यात मिसळतात आणि जोडाची धार उमटत नाही. चिकटविण्यासाठी गव्हाच्या स्टार्चची घट्ट खळ किंवा मिथाइल सेल्युलोज वापरतात. ही खळ पुढे केव्हाही ओल देऊन सोडविता येते. एखादा तुकडा पूर्णपणे गेलेला असल्यास तेवढ्याच जाडीच्या आम्लविरहित पुठ्ठ्याचा तुकडा, तंतूंची दिशा जुळवून, बसवितात. रंग द्यावयाचा तर तो केवळ या नव्या तुकड्यावर देतात. मूळ छपाईवर देत नाहीत.

या तंत्रास मोठी चालना एका आपत्तीतून मिळाली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर शिरला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील ग्रंथ व वृत्तपत्रे चिखलात बुडाली. निरनिराळ्या देशांतून आलेल्या तज्ज्ञांनी तेथे एकत्र काम केले. कागदाच्या जतनाचे आधुनिक शास्त्र घडण्यात या अनुभवाचा वाटा मोठा मानला जातो. दुर्मीळ ग्रंथांसाठी परिपक्व झालेली हीच पद्धत आज खेळाच्या खोक्यांस लागू केली जात आहे.

जतनाचे सिद्धान्त आणि खोके

तंत्रापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे तो त्यामागील विचार. रोम येथील केंद्रीय जतनसंस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांडी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जतनसिद्धान्तावरील ग्रंथात कलाकृतीची एकात्मता परत मिळविताना तिच्या अंगावरील काळाच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत, अशी भूमिका घेतली. त्यांच्या संस्थेत भित्तिचित्रांतील रिकाम्या जागा बारीक उभ्या रेघांनी भरण्याची पद्धत विकसित झाली. दुरून पाहणाऱ्यास चित्र सलग दिसते; जवळ गेल्यास भरलेली जागा वेगळी ओळखू येते. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही वास्तूंच्या संदर्भात हाच दंडक सांगितला. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबावा, आणि नवा भाग जुन्याशी सुसंगत असूनही त्याहून वेगळा ओळखू यावा, असा तिचा आशय आहे.

हे निकष खोक्यास लावले असता डागडुजीचे तीन स्तर वेगळे करता येतात. पहिला स्तर स्थिरीकरणाचा. यात फाटणे थांबविले जाते, बुरशी व मळ काढला जातो. नवीन असे काही जोडले जात नाही. दुसरा स्तर पूर्तीचा. यात गेलेला भाग नव्या द्रव्याने भरला जातो, पण तो नवा आहे हे लपविले जात नाही. तिसरा स्तर पुनर्निर्मितीचा. यात उडालेला रंग पुन्हा दिला जातो, पांढऱ्या कडा रंगविल्या जातात किंवा संपूर्ण खोकेच नव्याने छापले जाते. पहिल्या स्तरावर पुरावा सुरक्षित राहतो, दुसऱ्यावर त्यात नोंद करण्याजोगी भर पडते आणि तिसऱ्यावर त्याची जागा दुसरीच वस्तू घेते. नव्याने छापलेले खोके कपाटाची शोभा वाढविण्यास उपयोगी असेल. १९८६ मधील छपाईविषयी मात्र ते काहीही सांगू शकत नाही.

स्थिरीकरणातही विवेक लागतोच. किमतीची चिठ्ठी मळ समजून काढली तर विक्रीचा पुरावा जातो. ती काढणे भागच असेल, तर आधी तिचे छायाचित्र घ्यावे आणि सोडविलेली चिठ्ठी आम्लविरहित कागदात खोक्यासोबत ठेवावी, हा मार्ग दोन्ही गरजा भागवितो.

बाजाराचा दबाव

हा विवेक पाळणे अवघड होण्याचे एक कारण बाजारात आहे. एप्रिल २०२१ मध्ये हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात सुपर मारिओ ब्रदर्सची एक न उघडलेली प्रत ६ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली. १९८६ मध्ये नाताळची भेट म्हणून घेतलेली ती प्रत टेबलाच्या खणात विसरली गेली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये सुपर मारिओ ६४ या खेळाच्या प्रतीस १५ लाख ६० हजार डॉलर मिळाले. दोन्ही वेळा किंमत आली ती खेळास नव्हे. तेच खेळ खोक्याविना अत्यल्प किमतीत मिळत होते. किंमत होती ती कोणीही न हाताळलेल्या पुठ्ठ्यास व त्यावरील आवरणास.

अस्पर्शित अवस्थेला असा भाव आला की डागडुजी लपविण्याचा मोह वाढतो. अमेरिकन चित्रकथांच्या संग्रहक्षेत्राने हा अनुभव आधी घेतला होता. २००० मध्ये तेथे तटस्थ प्रतवारी करणारी कंपनी स्थापन झाली आणि तिने डागडुजी केलेल्या प्रतींना वेगळी जांभळी पट्टी दिली. अशा प्रतींची किंमत घसरली. पुढे रंगकाम आणि जपानी कागद व खळीने केलेले साधे जतन यांत फरक करून दुसऱ्यास निराळे नाव देण्यात आले. डागडुजी ही एकजिनसी गोष्ट नाही, हे बाजारालाही अखेर मान्य करावे लागले. खेळांच्या खोक्यांची प्रतवारी २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात जोमाने वाढली. तेथेही हा फरक रुजणे आवश्यक आहे. उघड केलेल्या डागडुजीस शिक्षा आणि लपविलेल्या डागडुजीस बक्षीस अशी स्थिती राहिली, तर भविष्यातील अभ्यासकास कोणत्याही खोक्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

आलामोगोर्डोचा धडा

वर उल्लेखिलेल्या आलामोगोर्डो येथील जागेचे उत्खनन एप्रिल २०१४ मध्ये झाले. पुरलेल्या लाखो कार्ट्रिजपैकी सुमारे १३०० वर काढण्यात आली. ई.टी. या १९८२ च्या खेळाच्या प्रती त्यांत होत्या. काहींसोबत चेपलेली, मातीने माखलेली खोकीही होती. त्यांतील एक प्रत वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात दाखल झाली.

या वस्तूंची डागडुजी करून त्या नव्यासारख्या केल्या, तर काय उरेल? ई.टी.च्या स्वच्छ प्रती जगात हव्या तेवढ्या आहेत. या प्रतींचे मोल त्यांच्यावरील मातीत, दुर्गंधीत आणि दबलेल्या कडांत आहे. १९८३ च्या कोसळलेल्या बाजाराची ती प्रत्यक्ष साक्ष होय. बुरशी थांबविणे येथे कर्तव्य ठरेल, चेपलेला पुठ्ठा सरळ करणे मात्र पुराव्याचा नाश ठरेल. याउलट एखाद्या घरातील खोक्याची फाटलेली झडप जोडली नाही तर ती एक दिवस गळून पडेल आणि तिच्यावरील छपाईही जाईल. तेथे डागडुजी न करणे हीच हयगय होय. म्हणजे डागडुजीचा निर्णय नुकसानाच्या प्रमाणावरून न ठरता, ते नुकसान काही सांगते काय, यावरून ठरावयास हवा.

संस्थात्मक प्रयत्न आणि भारतीय संदर्भ

अमेरिकेतील रॉचेस्टर येथील द स्ट्राँग संग्रहालयाने खेळयंत्रांबरोबर वेष्टनांचाही संग्रह केला आहे. जपानमध्ये क्योटो येथील रित्सुमेइकान विद्यापीठाने १९९८ पासून खेळांच्या जतनाचे काम हाती घेतले, तर २०११ मध्ये टोकियोत गेम प्रिझर्वेशन सोसायटी ही संस्था स्थापन झाली. २०२३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ व्यापारी मार्गाने उपलब्ध नाहीत, असे आढळून आले. खेळच जेथे दुर्मीळ होत आहेत तेथे त्यांच्या खोक्यांची स्थिती वेगळी सांगावयास नको.

भारतात या खेळांचा प्रवेश प्रामुख्याने १९९० च्या दशकात, फॅमिकॉमच्या स्वस्त नकला करणाऱ्या यंत्रांच्या द्वारे झाला. कार्ट्रिजला येथे सर्रास 'कॅसेट' म्हटले जाई. मुंबई-पुण्याच्या बाजारांत त्या एका खोक्यात अनेक खेळांचे आश्वासन देत विकल्या जात. त्यांवरील चित्रे दुसऱ्याच खेळांची असत आणि खेळांची संख्या फुगवून छापलेली असे. त्या खोक्यांना आज लिलावात मूल्य नाही. परंतु उदारीकरणाच्या पहिल्या दशकातील बालविश्वाचे आणि अनधिकृत व्यापाराचे ते साधन आहे. कोकण व मुंबईच्या दमट हवेत पुठ्ठा झपाट्याने खराब होतो. शिवाय रद्दीवाल्याकडे जाणारा त्याचा मार्ग जवळचा आहे. अशा खोक्यांबाबत महागड्या डागडुजीपूर्वी साधी काळजी अधिक फलदायी ठरेल. ऊन व ओल टाळणे, पीव्हीसीऐवजी पॉलिएस्टरचे पारदर्शक आवरण वापरणे, आत आम्लविरहित कागदाचा भराव देणे आणि खोकी एकावर एक न रचणे हे उपाय कोणत्याही घरात करता येण्याजोगे आहेत.

निष्कर्ष

१. व्हिडिओ गेमचे पुठ्ठ्याचे खोके हे खेळाच्या छपाई, विक्री व वापर यांविषयीचे स्वतंत्र ऐतिहासिक साधन आहे. त्यातील माहिती कार्ट्रिजमधून मिळत नाही.
२. स्थिरीकरण, पूर्ती आणि पुनर्निर्मिती या तीन भिन्न क्रिया आहेत. त्यांना एकाच नावाने ओळखल्याने संग्राहक व अभ्यासक या दोघांचेही नुकसान होते.
३. डागडुजी उलटविता येण्याजोगी असावी. जपानी कागद आणि स्टार्चची खळ यांचे महत्त्व याच कारणाने आहे.
४. प्रत्येक डागडुजीची नोंद आधीच्या व नंतरच्या छायाचित्रांसह करावी आणि ती खोक्यासोबतच ठेवावी, म्हणजे वस्तूचा मालक बदलला तरी माहिती हरवत नाही.
५. जे नुकसान स्वतःच एखाद्या घटनेची साक्ष असते, ते दुरुस्त न करता केवळ स्थिर करावे.

टाकून देण्यासाठी बनविलेली वस्तू जपावयाची ठरली की ती कशासाठी जपावयाची, हे आधी ठरवावे लागते. नवेपणासाठी जपली तर तिच्यावरील प्रत्येक खूण शत्रू ठरते. साक्षीसाठी जपली तर फाटलेली झडप जोडताना वापरलेली खळ आणि कागदही त्या वस्तूच्या इतिहासाचा पुढील भाग होतो. मात्र तो तसा लिहून ठेवला गेला पाहिजे.